डॅनिअल ॲश: इतकं कमी वाजवणाऱ्याला मोठा गिटारवादक म्हणायचं का?

पाणकावळा

माझी भाची नाशिकला गिटारच्या क्लासला जाते. दोन वर्षं झाली, हात सुरेख चालतो तिचा. मे महिन्यात आमच्याकडे आली होती, तेव्हा रात्री जेवणं उरकल्यावर हॉलमधले दिवे घालवून मी तिला बाउहाउस या इंग्लिश बँडचं 'बेला लुगोसीज डेड' ऐकवलं (बेला लुगोसी म्हणजे ड्रॅक्युलाचं काम गाजवलेला जुना नट). साडेनऊ मिनिटं पोरगी गप्प बसली. संपल्यावर म्हणाली, "मामा, अंगावर काटा आला. पण गिटारवाला करतोय काय? नुसता खरवडतोय की." परत गेल्यावर तिने तेच गाणं क्लासमध्ये सरांना ऐकवलं. सर म्हणाले, याला गिटार वाजवणं म्हणत नाहीत, याच्या नादी लागू नकोस.

सरांबद्दल राग नाही, पण त्या वाक्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे. गेली पंचवीस वर्षं मी हा माणूस ऐकतोय. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॅनिअल ॲश, बाउहाउसचा गिटारवादक, जन्म १९५७, इंग्लंडमधलं नॉर्दम्प्टन. १९७८च्या अखेरीस त्याने शाळेतल्या जुन्या मित्राला, पीटर मर्फीला, बँडमध्ये ओढलं. मर्फी तेव्हा छापखान्यात कामाला होता, गाणं-बिणं काही लिहिलेलं नव्हतं. ॲशला वाटलं, याचा चेहराच बँडसाठी झालाय! ड्रमवर केव्हिन हॅस्किन्स. केव्हिनचा भाऊ डेव्हिड जे याला आधी मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, कारण तो पुढारपण करेल अशी ॲशला धास्ती. मग काही आठवड्यांतच त्यालाच बेससाठी बोलवावं लागलं. नाव ठेवलं 'बाउहाउस १९१९', त्या जर्मन कलाशाळेवरून. १९१९ पुढे गळून गेलं.

२६ जानेवारी १९७९ला वेलिंगबरो गावातल्या बेक स्टुडिओत त्यांनी हे गाणं एका दमात ध्वनिमुद्रित केलं. बँड जुळून जेमतेम दोन महिने झाले असतील नसतील. ऑगस्टमध्ये 'स्मॉल वंडर' या छोट्या कंपनीने ते काढलं. इंग्लंडच्या खपाच्या मुख्य यादीत ते कधीच आलं नाही, पण स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत दोन वर्षं ठाण मांडून बसलं. पुढे ज्या अंधाऱ्या, भुताळ वळणाच्या संगीताला गॉथिक रॉक किंवा गॉथ म्हणायला लागले त्याची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात.

आणि या गाण्यात गिटार काय करते? पहिल्यांदा येते तेव्हा सूरही लागत नाही. तारांवर काहीतरी घासल्याचा, दूर कुठेतरी पत्रा हलल्याचा आवाज, आणि त्याचे प्रतिध्वनी. शब्द यायलाच जवळजवळ तीन मिनिटं लागतात. तोवर हा माणूस अंधार तयार करत असतो.

मला वाटतं, हेच वादन आहे आणि फार मोठं वादन आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि भाचीला नेमकं काय सांगू?

वेलदोडा

वाचतोय. गाणं आत्ता पहिल्यांदाच लावलंय, पाच मिनिटं झालीत, मागे वळून बघतोय.

कट्ट्यावरचा

सरांशी सहमत. राग मानू नका पाणकावळा, पण वातावरणनिर्मिती वेगळी आणि वादन वेगळं. नाटकात पडद्यामागे पत्रा हलवून वीज कडाडल्याचा आवाज काढणाराही वातावरण तयार करतो, त्याला आपण वादक म्हणत नाही. मी स्वतः बारा वर्षं वाजवतोय. हे गाणं मला दहा मिनिटांत बसवता येईल.

मध्यलय

कट्ट्यावरचा, मी नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो आणि पत्राही हलवलेला आहे, त्यामुळे मला उत्तर देणं भाग आहे. :)

बसवता येईल हो. सुचलं असतं का?

आता थोडं यंत्राबद्दल, कारण त्याशिवाय हे वादन समजायचं नाही. एकोचं जुनं यंत्र असं असतं: आत फितीचं एक बंद वेटोळं फिरत राहतं. एक हेड आवाज टिपतं, पुढची हेडं तोच आवाज किंचित उशिराने परत वाजवतात. परत वाजलेल्यातला थोडा पुन्हा आत सोडला की प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी, त्याचा पुन्हा प्रतिध्वनी, असं चालू होतं. कमी सोडलं तर आवाज दोन-तीनदा येऊन विरतो. जास्त सोडलं तर विरायच्या ऐवजी फुगत जातो आणि शेवटी किंचाळायला लागतो. त्या किंचाळण्याच्या अगदी काठावर ते बटण धरून ठेवायचं, पडू द्यायचं नाही, हे हाताचंच काम आहे. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा आवरतो ना, तितकंच बारीक.

ही चाल रॉकची नाही, जमैकाची. किंग्स्टनमध्ये किंग टबी, ली पेरी ही मंडळी सत्तरच्या दशकात मिक्सिंगच्या टेबलावर बसून एकोचं हे खेळणं वाद्यासारखं वाजवत होती. गाण्यातून एकेक वाद्य काढून घ्यायचं आणि उरलेल्या मोकळ्या जागेत एखादाच फटका सोडून तो घुमू द्यायचा. त्याला डब म्हणतात. नॉर्दम्प्टनच्या पोरांनी जमैकाचं हे संगीत, म्हणजे रेगे, भरपूर ऐकलं होतं. 'बेला' नीट ऐका: ड्रम हलका, काठीच्या टिकटिकीचा, जवळजवळ ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या अंगाचा ठेका. बेस पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली येतो. आणि डबमध्ये मिक्सिंगवाला जे करतो ते इथे गिटारवाला स्वतःच्या हाताने, तिथल्या तिथे, एका दमात करतोय. भुताखेतांचं गाणं म्हणून आपण ऐकतो, पण सांगाडा रेगेचा आहे.

रानजाई

+१ मध्यलय. सांगाडा शब्द चपखल.

खमाज

मी गिटार शिकले नाही, सतार थोडी शिकले. पण परवा कुतूहल म्हणून मुलाच्या गिटारवर 'बेला'चे स्वर शोधत बसले होते. हात ठेवायचा नेहमीच्या बार कॉर्डचा (एक बोट आडवं ठेवून सगळ्या तारा दाबायचा आकार), पण खालच्या दोन पातळ तारा दाबायच्याच नाहीत, मोकळ्या सोडायच्या. मग तो आकार तसाच वरखाली सरकवायचा. दाबलेले स्वर बदलत राहतात आणि त्या दोन तारा मात्र हलत नाहीत, वाजत राहतात. काही जागी त्या स्वराशी जुळतात, काही जागी बोचतात.

मला एकदम तंबोऱ्याच्या जोडीची आठवण झाली. न हलणारा स्वर मागे असला की हलणाऱ्या स्वराचं वजन कळतं. कोमल धैवत नुसता वाजवला तर काही नाही, षड्ज घुमत असताना लावला तर पोटात खड्डा पडतो. ॲशच्या कॉर्डमध्ये जो थंडपणा आहे तो त्या दोन मोकळ्या तारांतून येतो असं मला वाटतं. कट्ट्यावरचा म्हणतात तसं दहा मिनिटांत बसलं खरं. पण दोन तास सोडवेना.

कट्ट्यावरचा

खमाज, तंबोरा कशाला आणायचा मध्ये? मोकळी तार वाजत ठेवणं लोकगीतांपासून सगळ्या गिटारवाल्यांनी केलंय. उगाच आपलं काहीतरी त्यात शोधायचं.

खमाज

त्याने तंबोरा ऐकून केलं असं मी म्हटलंच नाही. माझ्या कानाला ते कुठून कळलं, एवढंच सांगितलं. माझा कान तंबोऱ्याखाली तयार झालाय, दुसरा कुठून आणू?

निळूभाऊ

नॉर्दम्प्टनमधून नमस्कार! या गावाबद्दल मराठीत धागा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सात वर्षं राहतोय इथे.

गाव कसं आहे ते सांगतो म्हणजे बँड कळेल. हे चपलाबुटांचं गाव. शेकडो वर्षं इथे बूट होतात, संग्रहालयात बुटांचा प्रचंड साठा आहे, आणि फुटबॉल संघाचं टोपणनावच 'कॉब्लर्स', म्हणजे चांभार. लंडनपासून गाडीने तासाभरावर, पण लंडनचा झगमगाट नाही, मँचेस्टर-लीड्सचा रुबाबही नाही. वेलिंगबरो इथून दहा-अकरा मैलांवर. नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, विटांच्या ओळीच्या ओळी, ओले रस्ते, बंद पडलेले कारखाने. मी पहिल्या हिवाळ्यात कामावरून चालत घरी येताना 'इन द फ्लॅट फील्ड' ऐकायचो. १९८०चा त्यांचा पहिला अल्बम. त्याच्या शीर्षकगीतातली गिटार म्हणजे करवत आहे करवत. 'बेला'सारखी शांत अजिबात नाही. कंटाळलेल्या गावातून बाहेर पडायची धडपड त्या आवाजात ऐकू येते.

भाचीला हे दुसरं गाणं ऐकवा पाणकावळा. "खरवडतोय नुसता" म्हणाली होती ना? तिथे खरवडण्याची काय ताकद असते ते कळेल.

वेलदोडा

बुटांचं गाव म्हणजे इंग्लंडचं कोल्हापूर की. तांबडा-पांढरा मिळतो का?

निळूभाऊ

रस्सा घरी करावा लागतो, पण कोल्हापूर म्हणायला माझी हरकत नाही. :)

अवांतर: 'वॉचमेन' या कॉमिकचे लेखक ॲलन मूरही इथलेच, आणि डेव्हिड जेचे मित्र. दोघांनी मिळून गाण्यांचे उद्योगही केलेत.

धुकं

धाग्याच्या शीर्षकाला धरून बोलते. इंग्लंडातल्या त्या काळच्या गिटारवाल्यांत मोठा कोण असं विचारलं तर माझं उत्तर जॉन मॅकगिओक. तो ज्यात वाजवायचा त्या सूझी अँड द बॅन्शीज बँडचं १९८१चं 'स्पेलबाउंड' ऐका. झरझर धावणारी गिटार, आणि तरी एक सूर फालतू नाही. ॲशला मी त्याच्या शेजारी नाही बसवणार.

रानजाई

मॅकगिओक स्कॉटिश ना? ग्रीनॉकचा.

धुकं

हो, बरोबर. मग इंग्लिशांतलाच हवा असेल तर किलिंग जोक बँडचा जॉर्डी वॉकर. डरहॅम परगण्यातला. सोनेरी रंगाची पोकळ अंगाची गिब्सन, सगळ्या तारा एक अख्खा स्वर उतरवून लावलेल्या. एकच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही, इतका भरीव आवाज. नोव्हेंबर २०२३मध्ये प्रागला गेला तो. बातमी आली तेव्हा मी लोकलमध्ये होते, ठाण्यापर्यंत त्याचीच गाणी ऐकत आले. फार कमी लोकांना कळलं की कोण गेलं.

मध्यलय

जॉर्डीबद्दल शंभर टक्के. पण तुलना केलीत म्हणून फरक सांगतो. जॉर्डी खोली पूर्ण भरून टाकतो, मॅकगिओक खोलीत नक्षी काढतो. ॲश खोली रिकामी करतो. तिन्ही कामं अवघड आहेत, आणि रिकामी करण्याला टाळ्या कमी मिळतात.

शनिवारची_सुट्टी

तुम्ही सगळे 'बेला'वरच अडकलात. मी या माणसाकडे उलट्या रस्त्याने आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घराघरात केबल आली, तेव्हा रात्री उशिरा 'सो अलाइव्ह' नावाचं गाणं लागायचं. संथ, गुळगुळीत, कानाशी येऊन बोलल्यासारखं. बँडचं नाव लव्ह अँड रॉकेट्स. आवडलं म्हणून वहीत लिहून ठेवलं. कॅसेट काही मिळेना. शेवटी एका मावसभावाने अमेरिकेहून आणून दिली. गॉथ वगैरे शब्द मला माहीतही नव्हता. हाच माणूस दहा वर्षं आधी भुताचं गाणं वाजवत होता हे पुढे कळलं तेव्हा मी कॅसेटवरचं नाव तीनदा वाचलं.

'सो अलाइव्ह' १९८९मध्ये अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. इंग्लंडमध्ये मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: मोठेपण एका गाण्यात शोधू नका, त्या वळणात शोधा.

पाणकावळा

शनिवारची_सुट्टी, मला नेमकं इथेच यायचं होतं. थोडं सविस्तर लिहितो.

बाउहाउसचं खरं आयुष्य जेमतेम साडेचार वर्षं. 'इन द फ्लॅट फील्ड' १९८०, 'मास्क' १९८१, 'द स्कायज गॉन आउट' १९८२, 'बर्निंग फ्रॉम द इनसाइड' १९८३. मध्ये डेव्हिड बोवी या बड्या इंग्लिश गायकाचं 'झिगी स्टारडस्ट' त्यांनी गायलं आणि ते पंधराव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यांच्यावर बोवीची नक्कल म्हणून टीका व्हायची, त्यांनी सरळ बोवीचंच गाणं घेऊन टीव्हीवर वाजवून दाखवलं. ॲशच्या गिटारमध्ये बोवीचा साथीदार मिक रॉन्सन आणि टी. रेक्स बँडचा मार्क बोलन हे दोघं पहिल्यापासून होतेच. टी. रेक्सचं 'टेलिग्राम सॅम'सुद्धा त्यांनी १९८०लाच केलं होतं.

चौथ्या अल्बमच्या वेळी मर्फी न्यूमोनियाने आजारी पडला. स्टुडिओ ठरलेला, मग ॲश आणि डेव्हिड जेने काम पुढे नेलं आणि काही गाणी स्वतःच गायली. ॲशने गायलेलं 'स्लाइस ऑफ लाइफ' ऐका. बारीक, साधा आवाज, हातात अकूस्टिक गिटार. त्या गाण्यात पुढच्या पंधरा वर्षांचं बी आहे. मर्फी बरा होऊन आला तोवर घर बदललं होतं. ५ जुलै १९८३ला लंडनच्या हॅमरस्मिथ पॅलेमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला आणि बँड मोडला.

तोवर ॲशने १९८२पासूनच एक बाजूची चूल मांडली होती, 'टोन्स ऑन टेल'. सोबत ग्लेन कॅम्पलिंग, पुढे केव्हिनही आला. नाव कुठून आलं? फितीच्या शेपटाला यंत्र तपासण्यासाठी जे सूर मुद्रित करून ठेवतात त्यावरून. १९८४ला 'पॉप' नावाचा एकच पूर्ण अल्बम. त्यातलं एकही गाणं दुसऱ्यासारखं नाही.

आणि मग मला सगळ्यात आवडणारा प्रसंग. १९८५मध्ये बाउहाउस पुन्हा जमवायचं ठरलं, तालमीचा दिवस ठरला. मर्फी आलाच नाही. तिघं आले होते. परत जायच्या ऐवजी तिघांनी वाजवायला सुरुवात केली. त्यातून लव्ह अँड रॉकेट्स उभं राहिलं. म्हणजे जवळजवळ तीच माणसं, तीच वाद्यं, आणि नखशिखांत वेगळं संगीत: बारा तारांची गिटार, ऊन, रस्ता, मोटरसायकली. अंधाराचा बादशहा म्हणून ज्याचं नाव झालं होतं त्याने अंधार सोडून दिला. किती जणांना जमतं हे? ज्या आवाजावर लोक टाळ्या वाजवतात तो आवाज सोडायला छाती लागते.

कट्ट्यावरचा

हे मला माहीत नव्हतं. 'स्लाइस ऑफ लाइफ' ऐकलं. चांगलं आहे. वादनाबद्दलचं मत अजून तेच, पण गाणं चांगलं आहे.

रानजाई

एक गोष्ट खटकते ती लिहिते. सगळं श्रेय गिटारवाल्याला कशाला? 'बेला'चे शब्द डेव्हिड जेचे. बेसची ती उतरण त्याची. ठेका केव्हिनचा. आणि चेहरा मर्फीचा. १९८३च्या 'द हंगर' चित्रपटाच्या सुरुवातीला हा बँड दिसतो. बोवी आणि फ्रेंच नटी कॅथरीन दनव क्लबमध्ये येतात आणि जाळीमागे हे गाणं चालू. पण कॅमेरा मर्फीवरून हलत नाही, बाकी तिघं जवळजवळ दिसतच नाहीत. मॅक्सेलच्या कॅसेटची इंग्लंडमधली जाहिरात केली तीही एकट्या मर्फीने. म्हणजे एकीकडे सगळं मर्फीला आणि आता इथे सगळं ॲशला. दोन्ही चूक. ती चौघांची गोष्ट आहे.

पाणकावळा

मान्य. शीर्षकात एकाचं नाव घातलं म्हणून तसं वाटलं असेल. केव्हिनचं तर विशेष. बाउहाउस, टोन्स ऑन टेल, लव्ह अँड रॉकेट्स, आणि २०१७मध्ये पुन्हा 'पोपटोन', चारही ठिकाणी ॲशच्या मागे तोच बसलेला. पोपटोनमध्ये बेसवर केव्हिनची मुलगी होती! चाळीस वर्षं एकच तालवाला लाभणं हे केवढं भाग्य.

वेलदोडा

पोपटोन?? पोपट-टोन??

शनिवारची_सुट्टी

पॉप-टोन हो! :D पण आता मला कायम पोपटच दिसणार.

तिरपी_उन्हं

उशिरा आले धाग्यावर. मी कॅलिफोर्नियात असते. नोव्हेंबर २०१९मध्ये हॉलिवुड पॅलेडियमला बाउहाउस चौघं पुन्हा एकत्र वाजवणार होते, तेव्हा मी आणि नवरा गेलो होतो. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. तो यांचा वेडा. मी वारीला निघालेल्याबरोबर चालत जावं तशी गेले.

काय पाहिलं ते लिहिते. मर्फी रंगमंचावर राजासारखा वावरत होता, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मी मात्र जागेमुळे एका कडेला होते, समोर ॲश. साठी उलटलेला माणूस, काळे कपडे, केस उभे. 'बेला' सुरू झालं आणि तो काहीच करेना. खरंच काही नाही. ठेका चालू, बेस चालू, आणि हा मान खाली घालून उभा. मग डावा हात गळ्यावरून खाली घसरला, एकदाच. तो आवाज आमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. याने मान वर करून तो आवाज जाताना पाहिला, पतंग बघावा तसा. आणि तो पूर्ण मरेपर्यंत दुसरा काढला नाही. चार हजारांच्या आसपास माणसं असतील, खोकल्याचा आवाज नाही.

मी भजनी मंडळातल्या घरात वाढले. आमचे आजोबा अभंगात एक ओळ म्हणून झाली की टाळ थांबवायचे, पखवाजही थांबायचा, आणि ती ओळ हवेत राहू द्यायचे. घाई करणाऱ्याला डोळ्यांनी दटावायचे. त्या रात्री मला आजोबा आठवले. कट्ट्यावरचा म्हणतील पुन्हा आपलं काहीतरी शोधलं, म्हणोत.

कट्ट्यावरचा

नाही म्हणत. छान लिहिलंय.

निळूभाऊ

वा! हेवा वाटला. पुढे २०२२चा अमेरिका दौरा मध्येच रद्द झाला, मर्फीची तब्येत हे कारण. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचं 'ड्रिंक द न्यू वाइन' आलं, ते कसं केलं ते वाचण्यासारखं आहे. चौघं चार ठिकाणी. केव्हिनचा ठेका तेवढा सगळ्यांना समान, बाकी कुणी काय वाजवलं हे दुसऱ्याने ऐकायचंच नाही, आपापला तुकडा करून द्यायचा. फ्रान्समधले अतिवास्तववादी चित्रकार कागद दुमडून एकमेकांचं न बघता एकच चित्र काढायचे, ती युक्ती.

धुकं

माझी तक्रार नव्वदच्या दशकाबद्दल आहे. लव्ह अँड रॉकेट्सचा १९९४चा अल्बम 'हॉट ट्रिप टू हेवन' मला अजिबात पचला नाही. गिटारवाल्याने गिटार जवळजवळ खाली ठेवली आणि यंत्रांचा लांबलचक तरंगता आवाज. तुम्ही म्हणता छाती लागते. मला तिथे भरकटल्यासारखं वाटलं.

मध्यलय

मला तोच आवडतो! रात्री गाडीत, घाटात लावून बघा. तो डबच आहे, 'बेला'तलाच मोकळेपणा, फक्त भीती काढून टाकलेला.

पण त्या काळात त्यांचं नशीबही फिरलं होतं. १९९५मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पुढच्या अल्बमचं काम चालू असताना ते राहत होते त्या घराला आग लागली आणि त्यांची वाद्यंसुद्धा गेली. वाजवणाऱ्यालाच कळेल हे काय असतं ते. त्यातूनही अल्बम पुरा केलाच, १९९६चा 'स्वीट एफ.ए.'.

खमाज

वाद्य जळणं... वाचूनच कसंतरी झालं. माझ्या गुरूंची सतार प्रवासात फुटली होती, ते आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते.

शनिवारची_सुट्टी

त्याचे एकट्याचे अल्बम राहिलेच की. 'कमिंग डाउन' १९९१ आणि 'फूलिश थिंग डिझायर' १९९२. पहिला सुरुवातीला गोड वाटतो, दुसऱ्यात गिटार पुन्हा दात दाखवते. दुसरा घ्या. आणि तो सॅक्सोफोनही वाजवतो हे कुणी लिहिलं नाही, 'मास्क'मध्ये ऐका. सूर नीट लावण्यापेक्षा फुंकर कशी चिरली जाते यात त्याला रस. वाद्य कुठलंही द्या, हा त्याचा पोत आधी शोधतो.

मध्यलय

पोतावरून: ई-बो विसरलो आपण. मुठीत मावेल एवढं यंत्र, तारेवर धरलं की चुंबकाच्या जोरावर तार आपोआप कंप पावत राहते. छेडायची गरज नाही. सूर संपतच नाही, सारंगीच्या गजासारखा लांबत जातो. ॲशने ते भरपूर वापरलंय. भाचीला एकदा हातात द्या, वेगाचं वेड आपोआप उतरेल.

कट्ट्यावरचा

सगळं वाचलं. कबूल करायचं तर, काल रात्री तीच बार कॉर्ड दोन तारा मोकळ्या सोडून वाजवली, एको लावून. वाजवणं सोपं आहे, त्यावर मी ठाम आहे. थांबणं सोपं नाही. माझा हात दर दोन मात्रांनी आपोआप काहीतरी भरायला जात होता. बारा वर्षांची सवय. आठव्या प्रयत्नालाही मी सहा मिनिटांच्या पुढे गेलो नाही, मध्ये सोलो घुसलाच.

पाणकावळा, भाचीला सांगा की सर अर्धे बरोबर आहेत. बोटं चालवायला शिकल्याशिवाय ती थांबवण्याला किंमत नाही. क्लास सोडू नकोस म्हणावं.

पाणकावळा

क्लास सोडण्याचा प्रश्नच नाही, तसं मी कधी म्हटलंही नव्हतं. पण एक विचारतो: ॲश स्वतः आधी वेगवान वाजवायला शिकून मग थांबला असं झालेलं नाही. पहिल्याच ध्वनिमुद्रणात, एकविसाव्या वर्षी, त्याने हे केलं. त्याला येत होतं तेवढ्यातून केलं. मला तेच तिला सांगायचंय. जेवढं येतंय तेवढ्यात आज, आत्ता, काहीतरी आपलं करता येतं. बाकीचं शिकत राहा.

काल नाशिकला गेलो होतो, म्हणून उत्तराला उशीर. खमाजताईंनी लिहिलेली कॉर्ड तिला दाखवली. तिने फोनवरचं एकोचं ॲप जोडलं. मी टेबलावर पेनाने ठेका धरला, तिच्या आईने सवयीने हॉलमधला दिवा लावला, तिने तो उठून बंद केला. पहिल्यांदा तिने नखाने जाड तार वरून खालपर्यंत ओढली आणि आवाज विरायची वाट बघत बसली. मी ठेका चुकलो, तिने मान हलवून मला परत आणलं.

तीन मिनिटं होऊन गेली तरी आमच्यापैकी कुणीच गायला सुरुवात केली नव्हती. मग आत्तेभाऊ आला आणि म्हणाला, लाइट गेलेत का?

वेलदोडा

ध्वनिमुद्रण टाका इथे. पेनाच्या ठेक्यासकट.